पोफळीच्या गावची बोली

कट्.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. रेवा आईच्या पोटाशी पाय घेऊन झोपली होती, पोफळीच्या वाडीतलं पान हलत नव्हतं, आणि मागच्या पडवीत अडकित्त्याचं पातं मिटलं. थोड्या वेळानं पुन्हा, कट्.

रेवा झाली तेव्हापासून हा आवाज म्हणजे केतकीला हाक होती. सासूबाई नावानं कधी बोलवत नसत. त्या सुपारी कातरायला बसल्या की केतकी उठून पडवीत जाणार, हे आपलं ठरून गेलं होतं. पाट ओढून ती समोर बसली की सासूबाई दोन बोटांत एक पातळ काप धरून पुढं करायच्या, "घे गो बाय." मग गालात सुपारी ठेवून दोघी घटकाभर बोलायच्या. केतकीची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली होती. आईशी बोलायचं जे राहून गेलं होतं, ते बरंचसं या पडवीत बोलून झालं होतं.

आज मात्र आवाज आला तरी ती लगेच उठली नाही. सकाळी बालवाडीच्या स्मितलबाईंनी तिला बाजूला घेतलं होतं.

बालवाडीत भिंतीवर मुठीएवढा एक डबा बसवला होता. सरकारनं तो प्रत्येक बालवाडीत लावला होता. मुलं काय बोलतात ते तो दिवसभर ऐकायचा. कुणाला ऐकू कमी येतं, कोण अडखळतं, कुणाची जीभ जड आहे, हे वेळेत कळावं म्हणून. मुलांनी त्याचं नाव कानोबा ठेवलं होतं.

"रेवाला ऐकू छान येतं," स्मितलबाई म्हणाल्या होत्या. "शब्द तर केवढे आहेत तिच्याकडे. पण कानोबा म्हणतो, हिचं तोंड पुरतं उघडत नाही."

"डबा बघतो पण की काय?"

"बघत नाही हो, ऐकतोच. रिकाम्या घागरीत बोललं तर आवाज एक येतो, अर्ध्या भरलेल्या घागरीत दुसरा. तोंडाचं तसंच असतं म्हणे. जबडा जितका खाली येईल तितका 'आ' मोकळा. रेवाचा 'आ' आतल्या आत राहतो. त्यावरून तो काढतो. श्रीवर्धनला तोंडाच्या डॉक्टर आहेत, मुकादम म्हणून. त्यांना एकदा दाखवा."

पडवीतून आणखी एक कट् आला. केतकीनं रेवाच्या अंगावर चादर सारखी केली आणि ती मागं गेली. सासूबाईंनी काप पुढं केला. तिनं घेतला.

"प्रथमेशला सांगितलंस, मासळी आणू नको म्हणून?" सासूबाईंनी आपल्या लेकाबद्दल विचारलं. "तुला तिखट सोसत नाही आणि तो बांगडे घेऊन येतो. अंगात उष्णता आहे तुझ्या. मी सब्जा भिजत घातलाय."

"आई, रेवा नीट बोलते ना हो?"

सासूबाई ओठांतल्या ओठांत हसल्या. "आपल्यासारखं बोलते. दुसरं कसं बोलणार?"

आगरकोंड हे सगळंच गाव असं बोलायचं. ओठ फारसे न हलवता, अर्धा शब्द बाहेर टाकायचा आणि अर्धा गिळायचा. एसटीत आगरकोंडचा माणूस काय म्हणतो ते कंडक्टरला समजायचं नाही, तो आपल्या अंदाजानं तिकीट द्यायचा. शेजारच्या गावची मुलं गॅदरिंगमध्ये यांची नक्कल करून टाळ्या मिळवायची. गावाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. प्रत्येक गावाची बोली असते, तशी ही पोफळीच्या गावची बोली. केतकी रत्नागिरीची. नवी सून म्हणून आली तेव्हा तिचा आवाज विहिरीवरून थेट रस्त्यापर्यंत जायचा. रेवाच्या जन्मानंतर कधीतरी तो हळू झाला, शब्द आवळून येऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या बायकांना कौतुकानं सांगितलं होतं, "आता ही आमची झाली. बघा, बोलायलासुद्धा आमच्यासारखी लागली." केतकीला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं.

डॉक्टर शबनम मुकादम बाई मजेशीर होत्या. त्यांनी रेवाला खुर्चीत बसवून सांगितलं, "सुसर जांभई देते ना, तशी दे." रेवानं असा जबडा वासला की पडजीभ दिसली.

"अग्गोबाई. आता आणखी उघडलंस तर सकाळची आंबोळी दिसेल मला." डॉक्टरांनी आतून गाल दाबून पाहिले, टाळू पाहिली. सगळं गुलाबी, ओलं, मऊ. "हिच्या तोंडाला काही झालेलं नाही."

"मग डबा चुकला?"

"चुकला नसावा." डॉक्टर आता केतकीकडे बघत होत्या. तिच्या चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे. "मुलं शब्द कानानं शिकतात, पण तोंड कसं हलवायचं ते डोळ्यांनी शिकतात. समोरचं माणूस जेवढं उघडतं तेवढंच उघडायचं असतं, असं त्यांना वाटतं. हिच्याशी घरात जास्त कोण बोलतं?"

"मीच. आणि हिची आजी."

"तुम्ही बसा बघू खुर्चीत. तुमचीच तीन बोटं घ्या, एकाखाली एक, आणि दातांमध्ये उभी घाला."

दोन बोटं गेली. तिसऱ्याला जागाच नव्हती. केतकीनं जोर केला तेव्हा कानाखाली काहीतरी दोरीसारखं ताणलं गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. रेवा टाळ्या पिटत होती. तिला वाटलं, आईला हा खेळ जमत नाही.

डॉक्टरांनी आत दिवा धरला. टाळूवर पांढुरकी झाक होती, संगमरवराच्या लादीसारखी. गालाच्या आत बोट फिरवलं की उभे पट्टे लागत होते.

"तंबाखू?"

केतकी दुखावली. "आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवतसुद्धा नाही. आमची सुपारी घरची आहे. तीसुद्धा नुसती. कात नाही, चुना नाही."

"मला सुपारीबद्दलच ऐकायचं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी रेवाला खेळायला एक प्लॅस्टिकचा जबडा दिला आणि केतकीशेजारी स्टूल ओढलं.

"काथ्या वळताना पाहिलाय ना तुम्ही? गालाच्या कातडीखाली बारीक धागे असतात, न वळलेल्या काथ्यासारखे सैल. म्हणून तर गाल ताणतो, तोंड उघडतं. सुपारीत एक द्रव्य असतं, ते हे धागे तयार करणाऱ्या पेशींच्या मागे लागतं. बनवा, आणखी बनवा. आणि सुपारीत तांबं असतं. ते त्या धाग्यांच्या एकमेकांशी गाठी मारायला मदत करतं. सैल काथ्याचा सुंभ होतो. एकदा वळला की आपणहून सुटत नाही. मग त्या भागाला रक्त कमी पोचतं, वरची कातडी पातळ होते. तुम्हाला तिखट झोंबतं ते त्यामुळं. उष्णता बिष्णता काही नाही. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात याला."

"सगळ्या गावाला सोसते सुपारी," केतकी म्हणाली.

"सोसते का? मी तुमच्या गावची माणसं तपासलीत. ज्यांना तोंड उघडून खायला येत नाही ते भात कालवून मऊ करून खातात आणि म्हणतात, आमच्याकडे असंच जेवतात."

सासरे भात असाच खायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गळ्याचं दुखणं होतं, एवढंच घरात सांगितलं जायचं.

"कॅन्सर आहे का मला?"

"आज तसं दिसत नाही. एक बारीक तुकडा काढून तपासू. पण हे दुखणं त्याच्या उंबऱ्यावरचं आहे. सगळे उंबरा ओलांडत नाहीत. कोण ओलांडणार, ते मात्र सांगता येत नाही." डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पूर्वी माझ्याकडे एवढंच सांगण्यासारखं होतं. आता एक पापुद्रा आलाय. गालाला आतून चिकटवायचा. तो आधी तांबं धरून ठेवतो, मग हळूहळू गाठी सोडवतो. जोडीला लाकडी काड्या दातांत घालून रोज तोंड ताणायचं. उघडेल. पण सुपारीचा एक तुकडासुद्धा नको. सुटलेला सुंभ पुन्हा वळला तर आधीपेक्षा घट्ट वळतो."

दुखणं किती जुनं आहे ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तिचे जुने आवाज मागितले. केतकीच्या फोनमध्ये ते ढिगानं होते. लग्नातले उखाणे, बहिणीला पाठवलेले निरोप, रेवाला झोपवतानाच्या अंगाया. दवाखान्यातल्या यंत्रानं, कानोबाच्याच मोठ्या भावानं, ते एकापाठोपाठ एक ऐकले आणि पडद्यावर एक रेघ काढली. उखाण्यांपाशी रेघ उंच होती. रेवाच्या बारशापासून ती उतरायला लागली. केतकी आपलं तोंड मिटत गेलेलं बघत होती. मिटत होतं तेव्हा तिला समजलंही नव्हतं.

मग शेजारी दुसरी रेघ उमटली. अंगाईत मागून कुणीतरी सूर धरला होता.

"ह्या कोण?"

"सासूबाई."

डॉक्टरांनी यंत्र चटकन थांबवलं. ज्यानं संमती दिली नाही त्याचा आवाज पुसून टाकायचा असा नियम होता, आणि त्यांनी तो पुसलाही. पण त्यांनी रेघ पाहिली होती. त्या बराच वेळ रुमालानं चष्म्याची काच पुसत राहिल्या.

"मी हे बोलायला नको," त्या म्हणाल्या. "त्यांचं तोंड तुमच्याहून कमी उघडतंय, ते सोडा. पण अलीकडच्या अंगाईत त्यांची जीभ एका बाजूला अडतेय. 'ल' आणि 'र' घसरतायत. जिभेच्या कडेला काही कठीण असेल तर असं होतं. नसेलही. त्यांना घेऊन या, केतकी. लवकर या."

प्रथमेशला तिनं दुसऱ्या दिवशी वाडीत गाठलं. सुपारी उतरवायला पोफळीवर चढणारी माणसं मिळेनाशी झाल्यावर त्यानं एक यंत्र घेतलं होतं. बुंध्याला मिठी मारून ते सरसर वर जायचं आणि घड कापून खाली आणायचं. तो त्याच्या दातऱ्यांना तेल घालत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"डबा शहरातल्या माणसांचं ऐकून बनवलाय," तो म्हणाला. "आमच्या गावची बोलीच तशी आहे."

"मी रत्नागिरीची आहे, प्रथमेश."

त्याचा तेलाचा हात तसाच राहिला. मग तो म्हणाला, "आईला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, वाडीलाच नावं ठेवतोय. बाबांनी लावलीय ती."

पण केतकीला तरी ते कुठं जमत होतं? रेवा झाली तेव्हा तिला दूध येईना. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. तेव्हा सासूबाईंनी शोप, ओवा, खोबरं आणि घरची सुपारी घालून बाळंतविडा केला होता आणि तिच्या केसांवरून हात फिरवत स्वतःच्या हातानं भरवला होता. पुढं विड्यातलं बाकी सगळं सुटलं. राहिली ती सुपारी, आणि ती दुपारची वेळ. आता त्या बाईला काय सांगायचं? तुम्ही जिवापाड जपलंत आणि त्या जपण्यानंच हे झालं, असं?

तुकडा तपासून आला. अजून उंबऱ्याच्या अलीकडचाच निघाला. पापुद्रा गालात बसला. घरात तिनं दाढ दुखते असं सांगितलं. दुपारी अडकित्ता वाजला की ती जायची, काप घ्यायची, तोंडाशी न्यायची आणि तळव्यात लपवून ठेवायची. मग खोलीत येऊन खिडकीतल्या कुंडीत टाकायची. आई, दवाखान्यात चला, एवढं मात्र ती रोज निरनिराळ्या तऱ्हेनं म्हणून बघत होती.

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणायच्या. "एक दात जिभेला लागतो, एवढंच. तुझ्या दाढेचं बघ आधी. तूच काढून ये ती."

एकदा दुपारी रेवा बराच वेळ गप्प होती. आई झालेल्या कुठल्याही बाईला हे गप्प राहणं कळतं. केतकी उठली. खिडकीखाली रेवानं आपली भातुकली मांडली होती. समोर बाहुली. मधे कुंडीतल्या मातीतून वेचून काढलेले सुपारीचे काप, बोटांनी पुसून स्वच्छ केलेले. एक बाहुलीच्या ओठांना लावलेला. आणि रेवाचा गाल फुगलेला होता.

"घे गो बाय," रेवा बाहुलीला म्हणत होती. ओठ न हलवता, अगदी हुबेहूब.

केतकीनं तिचा जबडा धरला, बोट घालून आतलं सगळं बाहेर काढलं. रेवा घाबरून किंचाळली. सासूबाई अडकित्ता हातात घेऊनच धावत आल्या.

"काय झालं? लागलं काय?" त्यांनी जमिनीवरचा लगदा पाहिला आणि त्यांना हायसं वाटलं. "अगं, सुपारीच ना ती. एवढ्यानं काय होतंय पोरीला? तुला काय कमी दिली मी?"

तेव्हा केतकीला थांबता आलं नाही. जमिनीवर बसूनच, रेवाला छातीशी आवळून, तिनं सगळं सांगितलं. कानोबा, तीन बोटं, सुंभ, गालातला पापुद्रा. दाढ दुखत नव्हती हे. काप कुंडीत टाकत होते हे. तिचा आवाज मोठा झाला होता, आणि रेवाच्या जन्मानंतर या घरात तो पहिल्यांदाच इतका मोठा झाला होता. शेवटी ती म्हणाली, "आणि आई, तुमची जीभ अडते. ती दातानं अडत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

सासूबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. अंगाईतली 'ल'ची जागा त्या मागचे काही महिने गुणगुणून टाळत होत्या, हे केतकीच्या तेव्हा लक्षात आलं.

"ह्यांचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं. म्हटलं, म्हातारपण आहे, जाऊदे. काय ते माझ्यापुरतं." मग त्यांची नजर केतकीच्या गालावर आली आणि तिथंच थांबली. "पण तुझ्या तोंडात मी माझ्या हातानं घातली गो."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. त्या शब्दाचा त्यांना काही उपयोग झाला नाही. त्यांनी अडकित्ता खिडकीत ठेवला. "चल. उद्या जाऊ तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे. रेवाला आधी चूळ भरायला दे."

गाठ जिभेच्या डाव्या कडेला होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढली, आणि गाठीबरोबर जिभेचा बराच भागही गेला. वेळेत आलात, असं ते म्हणाले. अंगायांवरून यंत्र आजींचा आवाज पुन्हा बनवून देईल, गळ्यात घालायचा छोटा डबा असतो, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी मान हलवून नको सांगितलं.

गावात मात्र कानोबानं आणखी मुलांची नावं काढली. मग बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. काही केतकीच्या मागं श्रीवर्धनला गेल्या. बागाईतदारांनी शाळेत बैठक घेतली. यंत्र आमच्या बोलीची बदनामी करतंय, असं तिथं ठरलं. स्मितलबाईंना कानोबा भिंतीवरून काढून कपाटात ठेवावा लागला. प्रथमेश त्या बैठकीला गेला नाही, पण तिथं ठरलं त्याच्या विरोधातही बोलला नाही. वाडी उपटून दुसरं काही लावायचं तर हाती यायला वर्षं लागतात, आणि आईचे उपचार तोवर थांबणार नव्हते.

सुपारी वाळली. टेम्पो आला त्या दिवशी दुपारी तिघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. केतकीच्या दातांमध्ये लाकडी काड्यांची जुडी होती. तोंड आता थोडं जास्त उघडत होतं. कानाखालची ओढ दुखरी होती, पण सैल झाली होती. सासूबाई रेवाच्या केसांत तेल घालत होत्या. पडवीत कसलाच आवाज नव्हता. या वेळेला हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून रेवाची वेणी त्या पुन्हा पुन्हा घालत होत्या आणि सोडत होत्या.

प्रथमेश पोती उचलून टेम्पोत टाकत होता. प्रत्येक पोत्यागणिक सुपाऱ्यांचा कोरडा आवाज व्हायचा. रेवा आजीच्या गुडघ्यांमधून ते बघत होती. सुपारीला हात लावायचा नाही, हे तिनं इतकं मनावर घेतलं होतं की एक सुपारी घरंगळत पायरीपाशी आली तेव्हा तिनं पाय वर उचलून घेतले.

"आई, ही आपली सुपारी ना?"

केतकीनं दातांतल्या काड्या काढल्या. "हो."

"तू आता खात नाहीस. आजी पण खात नाही."

"नाही."

सासूबाईंचा हात वेणीत थांबला. टेम्पोचं मागचं फळकूट लागलं, कडी घातली गेली. रेवानं मान वळवून आईकडे पाहिलं आणि तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द मोकळा करत विचारलं,

"मग ही कुणाची आई खाणार?"